पास झाल्याचा फोटो

मे महिना अर्धा सरला, की आमच्या आष्ट्यात चौकातून जाताना मान वर करून चालावे लागते. दहावीचा निकाल लागलेला असतो आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अभिनंदनाचे फलक झुलू लागलेले असतात. मधोमध एक मुलगा किंवा मुलगी. अंगात शाळेचाच गणवेश, चेहऱ्यावर पासपोर्ट फोटोतला धसका. शेजारी ठसठशीत आकड्यांत टक्केवारी, आणि तीही दशांश चिन्हापुढे दोन घरे मोजून. कारण नुसते 88 टक्के म्हटले, तर 88.40 मधल्या चाळिसांवर अन्याय होतो. भोवताली मामा, काका, मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेले अर्धा डझन 'शुभेच्छुक'. अभिनंदन नक्की कोणाचे चालले आहे, हे कळायला परगावच्या माणसाला जरा वेळच लागतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला, की हे फलक उतरतात आणि कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या जळणाच्या ढिगावर पसरले जातात. मुलाचे तोंड तेवढे आभाळाकडे राहते.

थट्टा करावी म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या घरातून दहावीपर्यंत पोचलेले हे पहिलेच मूल आहे, त्या घराला आपला आनंद साऱ्या गावाला ओरडून सांगावासा वाटला, तर त्यात वावगे ते काय? पण दरसाल हे फलक वाचता वाचता मला एक नाद लागला आहे. कोणाकडे पेढे घ्यायला गेले, की मी दोन प्रश्न हमखास विचारते : फोटो कसा काढलात, आणि मुलाला काय दिलेत? या दोन उत्तरांतून त्या घराबद्दल जे कळते, ते तासभर गप्पा मारूनही कळत नाही. आपण मराठी माणसे मुलांचे तोंडावर कौतुक करायला भारी संकोचतो. "बरे आहेत मार्क," यापलीकडे आपली जीभ वळत नाही. मग जे बोलायचे राहून जाते, ते आपण वस्तूंकडून बोलवून घेतो.

पूर्वी पास होणे हीच एवढी मोठी गोष्ट होती, की वस्तूंना फारसे बोलावे लागत नसे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि त्याची प्रवेश परीक्षा, म्हणजेच आपली मॅट्रिक, 1859 साली पहिल्यांदा झाली. त्या पहिल्या तुकडीत पास झालेली मुले अगदी मोजकी; त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती. पुढे कितीतरी वर्षे मॅट्रिक हा एक उंबरठा होता. अलीकडे शेत, पलीकडे कचेरी. जे त्याला अडखळले, त्यांच्याबद्दल बोलताना 'शिक्षण मॅट्रिकपर्यंत' असा एक सभ्य शब्दप्रयोगही आपल्या भाषेने शोधून काढला होता. तो 'पर्यंत' फार दयाळू शब्द होता. पुढे शालान्त परीक्षेचे मंडळ वेगळे झाले. 1966 च्या जानेवारीत महाराष्ट्राचे आजचे मंडळ आले. 1975 साली अकरावीऐवजी दहावीलाच ही परीक्षा होऊ लागली. आणि 2025 च्या मे महिन्यात राज्याचा निकाल लागला, तो 94.10 टक्के. शंभरातले चौऱ्याण्णव पास! उंबरठा झिजून जमिनीला लागला, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, आत येणारे वाढले, हे चांगलेच झाले. मात्र त्यामुळे आता नुसत्या 'पास' या शब्दाने घराचे समाधान होत नाही. समारंभ मोठा लागतो, भेट मोठी लागते आणि फोटो तर छतापासून जमिनीपर्यंत लागतो.

आमच्या वडिलांच्या वेळी निकाल वर्तमानपत्रात यायचा. नावे नसत, नुसते परीक्षा क्रमांक. मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक छापलेले. अंक घेऊन येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत सारी मुले रस्त्यावर उभी असत. एक जण अंकावर बोट ठेवून क्रमांक वाचायचा आणि बाकीचे श्वास धरून ऐकायचे. आपला क्रमांक सापडला, की घरी धूम. आईने मीठमोहऱ्या ओवाळायच्या, पहिला पेढा चौंडेश्वरीपुढे, दुसरा गुरुजींना, आणि मग बाकीच्या गावाला. एवढे झाले, की ज्यांना परवडे ते फोटो काढायला सांगलीला जात.

आज खिशात फोटोयंत्र घेऊन फिरणाऱ्या मुलांना 'फोटो काढायला जाणे' हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागतो. सांगली आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर. सकाळी न्हाऊन, परटाकडचे कपडे घालून, घाम येऊ नये म्हणून खिडकीजवळची जागा धरून जायचे. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा असे. त्यावर संगमरवरी जिना, जिन्याखाली तळे, तळ्यात हंस. आयुष्यात विहिरीपलीकडचे पाणी न पाहिलेला मुलगा त्या तळ्याकाठी उभा केला जाई. फोटोग्राफर हनुवटीला बोट लावून मान वळवायचा, "हलू नका" म्हणायचा आणि काळ्या कापडात डोके घालायचा. त्याचे डोके बाहेर येईपर्यंत श्वास घ्यावा की नाही, हा प्रश्न तीन पिढ्यांना पडला होता. जुन्या फोटोंतली माणसे इतकी गंभीर का दिसतात, त्याचे उत्तर त्या कापडात आहे. शिवाय त्यांच्याही आधीच्या पिढीची भीती पुरती गेलेली नव्हती. पुढे चित्रपटाचे जनक म्हणून गाजलेले दादासाहेब फाळके एके काळी फोटोग्राफर होते; बडोद्यात त्यांचा धंदा बसला, कारण हे यंत्र माणसातली शक्ती शोषून घेते आणि माणूस मरतो, अशी आवई गावभर उठली होती.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, 1968 साली पास झाले. त्यांचा फोटो अजून माहेरच्या माजघरात आहे. खुर्चीत बसलेले, पाठ ताठ, उजवा हात मांडीवर आणि डावा हात गुडघ्यावरून असा काही पुढे आणलेला, की पाहणाऱ्याची नजर आधी मनगटावर जावी. मनगटावर घड्याळ आहे. एच.एम.टी.चे 'जनता', चावी द्यायचे. सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे बनवायला 1961 साली सुरुवात केली आणि बघता बघता मॅट्रिकचे बक्षीस म्हणजे घड्याळ, असे समीकरणच होऊन बसले. आजोबांनी गुळाचे पैसे आल्यावर ते घेतले. निकाल लागला जूनमध्ये, फोटो निघाला दिवाळीनंतर. कारण घड्याळाशिवाय फोटो काढायचा नाही, असा आजोबांचा हुकूम होता. पास झालेला मुलगा दिसून काय उपयोग? तो वेळेवर कचेरीत जाणारा माणूस होणार आहे, हे दिसले पाहिजे. आणि झालेही तसेच. अण्णांनी एका सहकारी संस्थेत तेहेतीस वर्षे कारकुनी केली आणि एकही दिवस उशीर केला नाही. घड्याळाचा तो कारखाना कधीच बंद पडला, पण अण्णा अजून रोज सकाळी सातला त्या घड्याळाला चावी देतात.

म्हणून मी म्हणते, की दहावीची भेट हे त्या घराचे भाकीत असते. पेन दिले तर 'लिही', घड्याळ दिले तर 'नोकरी कर', सायकल दिली तर 'पुढच्या शाळेला जा' आणि ट्रॅक्टरची चावी हातात दिली तर 'झाले तेवढे पुरे'. बोलून दाखवायची गरजच नसते. मूल भेट उघडते आणि घराच्या मनात काय आहे, ते त्याला कळते.

अण्णांच्या पाठची बहीण, म्हणजे माझी आत्या, 1971 साली पास झाली. अण्णांपेक्षा तिला गुण जास्त होते, हे अण्णाच सांगतात. तिलाही फोटोसाठी सांगलीला नेले. आमच्या घराण्यात मुलीचा फोटो स्टुडिओत निघण्याची ती पहिलीच वेळ. तिचे दोन फोटो निघाले. एकाच दुपारी, एकाच पडद्यापुढे, एकाच पातळात. पहिल्यात तिच्या हातात जाडसे पुस्तक आहे. ते स्टुडिओचेच होते. कोणते होते ते तिला आठवत नाही, पण इंग्रजी होते, हे आठवते. तो झाल्यावर फोटोग्राफर आजोबांना म्हणाला, "आता पुस्तक बाजूला ठेवू या. दुसरा स्थळांना दाखवायला होईल." दुसऱ्या फोटोत पुस्तकाच्या जागी खुर्चीची पाठ आहे आणि नजर खाली आहे.

हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, की आणखी एक गोष्ट दिसते. पुस्तकवाली आत्या सावळी आहे आणि खुर्चीवाली गोरी! ही किमया निगेटिव्हची. निगेटिव्हवर जिथे शिसपेन्सिलीची बारीक छटा चढवावी, तो भाग कागदावर उजळ उतरतो. या कामात हात बसलेली माणसे काजळीच्या कणाएवढे टोक करून तासन् तास बसत. मुरमे घालवीत, देवीचे वण बुजवीत आणि वधूंचे रंग उजळीत. पास झालेल्या मुलीचा रंग कोणाला उजळावासा वाटला नव्हता. त्याची जरूर नव्हती. पहिल्या फोटोची एकच प्रत काढली होती. दुसऱ्याच्या चार. त्या चार प्रती पत्रिकेबरोबर चार गावांना गेल्या, त्यांतल्या तीन परत आल्या आणि चौथी परत आली नाही, म्हणजे आत्याचे लग्न ठरले. भेट म्हणून तिला चांदीचा करंडा मिळाला होता. घड्याळाचे भाकीत जसे खरे झाले, तसे करंड्याचेही झाले.

विलिंग्डन कॉलेज 1919 सालापासून सांगलीत होते. फोटोला जाताना एस.टी.ने जितका वेळ लागला, तितकाच त्या कॉलेजला जायला लागला असता. हे मी आत्याला एकदा म्हटले. ती म्हणाली, "अगं, त्या वेळी ते कुणी बोललंच नाही. मीसुद्धा नाही." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिचा संसार चांगला झाला, मुले मार्गी लागली, यजमान प्रेमळ होते. आजोबाही काही दुष्ट नव्हते. त्यांनी मुलीला शालान्त परीक्षेपर्यंत शिकवले, त्याबद्दल भावकीतल्यांचे चार शब्दही सोसले. फक्त मुलीच्या पास होण्याचे पुढे काय करायचे, याचे एकच उत्तर त्या घराला ठाऊक होते आणि ते त्यांनी चांदीत घडवून दिले.

असे फोटो पाहिले, की मला आणखी एका फोटोची आठवण होते. तो कल्याणच्या मुलीचा आहे, पण निघाला फिलाडेल्फियाला. 10 ऑक्टोबर 1885. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी एका रांगेत : आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. तिघींचे पेहराव आपापल्या देशांचे; आनंदीबाई लुगड्यात. पुढच्या मार्चच्या 11 तारखेला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. वर्षभरात, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, आनंदीबाई गेल्या. वय अवघे 21. त्या फोटोतल्या तिघींकडे पाहताना एक जाणवते : हा कोणाला दाखवून पसंती मिळवायला काढलेला फोटो नव्हे. आम्ही येथवर आलो, एवढेच तो सांगतो. पास झाल्याच्या फोटोने याहून जास्त काही सांगावे, अशी माझी अपेक्षा नाही.

मी स्वतः 1996 साली दहावी झाले. तोपर्यंत निकालाच्या फोटोची एक नवी रीत रूढ झाली होती. 'बोर्डात आलेल्या' मुलांची गुणवत्ता यादी लागे आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्तमानपत्रांत एकच चित्र झळके : मुलगा मधे, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला आई आणि आई पेढा भरवते आहे. मंडळाने ती यादी जाहीर करणे पुढे बंद केले. पण फोटोची ती ठेवण घराघरांत शिरली, ती शिरलीच. तुमच्या घरातलाही तसा फोटो काढून पाहा. वडील पूर्ण दिसतील. मुलगा पूर्ण दिसेल, गाल फुगलेला. आईचा मात्र बहुधा हातच दिसेल. बांगड्या आणि पेढा. चेहरा अर्धा कडेला कापलेला, कारण ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत नुकतीच आलेली असते आणि "झालं का? कुकर लावलाय," म्हणत लगेच परत जाणार असते. दहा वर्षे पहाटे उठून डबा केला त्या बाईचे फोटोत एवढे माप!

माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांच्या मुलाचे शाळेचे शिक्षण 2023 च्या जूनमध्ये पुरे झाले. तिकडे शाळा बारावीला संपते. मुले झगे आणि चौकोनी टोप्या घालून ओळीने बसतात आणि एकेकाचे नाव पुकारून त्याला व्यासपीठावर बोलावतात. पहिल्याचेही पुकारतात, शेवटच्याचेही. दिरांनी घरी समारंभ केला. दारातच एका मोठ्या फलकावर मुलाचे बालवाडीपासून बारावीपर्यंतचे फोटो लावले होते. दात पडलेला, डोक्याला पट्टी बांधलेला, वाळवीच्या वारुळावर निबंध लिहून तिसरे बक्षीस घेणारा. आम्ही ते सारे इथे आष्ट्यात बसून फोनच्या पडद्यावर पाहिले. सासूबाईंनी फलक नीट निरखला आणि विचारले, "सगळं छान आहे रे, पण टक्के किती पडले?" टक्के कुठेच लिहिलेले नव्हते. तिकडचे सारेच गोड मानणाऱ्यांतली मी नाही. त्या झग्या-टोप्यांमागे खर्चाचे आणि मिरवण्याचे प्रकार तिथेही असतीलच. परंतु शाळा संपली, एवढ्याच गोष्टीचा आनंद होऊ शकतो, ही कल्पना मला मानवली. आपल्याकडे शाळा संपते ती एका कागदावर. शाळा सोडल्याचा दाखला : नाव, जात, जन्मतारीख, आणि 'वर्तणूक चांगली'. दहा वर्षांचे सारे सुखदुःख त्या दोन शब्दांत बसवून लेखनिक पुढच्याला हाक मारतो.

आणि ज्यांचे टक्के फलकावर लावण्याजोगे नसतात, त्यांनी काय करावे? 45 टक्क्यांच्या मुलाच्या घरी त्या दिवशी काय होते, ते शेजारी राहणाऱ्याला ठाऊक असते. पेढे येतात, पण दार लोटून खाल्ले जातात. फोटो निघतच नाही. 2021 च्या मुलांची गत तर आणखी वेगळी. साथीमुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के. 'बिनपरीक्षेचे पास' म्हणून त्यांची थट्टा झाली. निरोपसमारंभ नाही, वर्गाचा फोटो नाही, कोणी सत्कारालाही बोलावले नाही. त्या वर्षीची काही मुले पुढे माझ्या वर्गात आली. शाळेतला शेवटचा फोटो कोणता, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच होते : "नववीच्या सहलीचा, मॅडम."

यंदा आमच्या कन्येची पाळी होती. 13 मे रोजी दुपारी एकला निकाल लागला आणि चार मिनिटांत, कोणी अंकावर बोट न ठेवता, तो फोनवर दिसला. तिचे टक्के मी इथे सांगत नाही. सांगितले, तर वाचक उरलेला लेख त्या आकड्याच्या उजेडात वाचतील. संध्याकाळी भेटीसंबंधी घरात सभा भरली. माझे माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. त्यामुळे सभेला दोन्ही बाजूंचा कोरम पुरा होता. यजमान म्हणाले, लॅपटॉप घेऊ, इंजिनिअरिंगला लागेलच. अण्णा म्हणाले, घड्याळ. मी मराठीची प्राध्यापिका; मी मोल्सवर्थचा कोश सुचवला. कन्येने माझ्याकडे फार आदराने पाहिले आणि काही बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, सोन्याच्या कुड्या करू. आता घातल्या तर घातल्या, नाही तर लग्नात उपयोगी पडतील. पाहा, चौघांची चार भाकिते! जिचे भविष्य, ती पायरीवर बसून मांजराच्या पाठीवरून हात फिरवीत होती.

सोन्याचा विषय निघाला, तेव्हा अण्णांनी एक गोष्ट सांगितली. ती आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगण्याजोगी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे आमच्याच वाळवे तालुक्यातल्या ऐतवड्याचे. त्यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. त्या मुलांच्या जेवणाला दाणे उरले नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. 1930 साली त्या गेल्या. लोकांच्या मुलांनी पास व्हावे म्हणून त्या बाईने सोने मोडले आणि आपण मुलगी पास झाली म्हणून सोने घडवायला निघालो, असे काहीसे अण्णा पुटपुटले. सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं नको म्हणते शिकायला? शिकू दे की. कुड्या काय पुस्तकाच्या आड येतात?" तेही खरेच होते. सभा निर्णयावाचून संपली.

दुसऱ्या दिवशी तासगावहून आत्या आली. वय एक्काहत्तर, एस.टी.चे अर्धे तिकीट काढून, एकटी. तिने नातीला जवळ बसवले आणि पिशवीतून एक पाकीट काढून दिले. वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले, आत पाचशेची नोट. आणि म्हणाली, "हे कशाला खर्चलेस, ते मला सांगायचं नाही. आईला सांगायचं नाही. वहीत लिहायचं नाही. कळलं?" कन्येने मान हलवली. मी कौतुकाने हसले. पण नंतर भाकरी थापताना विचार करू लागले, की आत्याच्या साऱ्या आयुष्यात हिशेब न देता खर्चायचा रुपया तिच्या हाती कधी आला असेल? तो मला सुचला नाही. त्या पाकिटात कसलेही भाकीत नव्हते. आजवर पाहिलेल्या दहावीच्या भेटींत इतकी कोरी भेट मी दुसरी पाहिलेली नाही. आता दिवाळी आली, तरी त्या पैशांचे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही. सासूबाईंनी दोनदा आडून विचारून पाहिले. कन्येने दाद दिली नाही. लॅपटॉप, कुड्या आणि कोश यांचा निकाल सावकाश लागेल. तिला काय हवे, ते आम्ही तिला विचारले आहे आणि ती विचार करते आहे. विचार करायला वेळ देणे, हीदेखील एक भेट आहे, असे यजमानांचे मत आहे. त्यात काटकसरही आहे, हे माझे.

फोटो मात्र निघून गेला होता. दाखला आणायला गेलेल्या दिवशी पाच मैत्रिणींनी शाळेच्या फाटकाशी तो आपला आपणच काढला. कोणाच्या हातात पुस्तक नाही, पेढा नाही, गुणपत्रक नाही. त्या पाचांतली एक जेमतेम पास झालेली आहे. कोणती, ते फोटोवरून ओळखता येत नाही. घरचे कोणीच त्यात नाही आणि 'शुभेच्छुक' तर नाहीतच. तो मी कागदावर छापून आणला आणि मागे पाचही जणींची नावे आणि तारीख लिहून ठेवली. फोनमधल्या फोटोला पाठ नसते, ही त्याची मोठी उणीव आहे. आणखी तीस वर्षांनी 'ही कोण?' असे कोणी विचारले, तर उत्तर पाठीवरच मिळायचे असते.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही घरी एखादी पत्र्याची पेटी उघडलीच असेल. तिच्यात आजोबांचा, आत्याचा, मावशीचा पास झाल्याचा फोटो असेल. पेटी मिटण्यापूर्वी तो घटकाभर हातात घ्या. मनगटावर काय आहे, हातात काय आहे, कोण कडेला कापले गेले आहे, ते पाहा. ज्यांचा तो फोटो आहे, ते माणूस भाऊबिजेला घरी येणार असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून विचारा : "पास झालात, तेव्हा तुम्हांला काय हवं होतं?" आमच्या आत्याला हे मी विचारले. चोपन्न वर्षांत तिला कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे तिला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "ते फोटोतलं पुस्तक होतं ना, ते वाचायला हवं होतं."